बांगडी वाजली की पुढचं चित्र

"माता-भगिनींनो, अज्ञानाच्या घोर अंधकारात—"

"आता झोपतात बाया."

शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये मी एकटीच भाषणाची तालीम करते आहे, असा माझा समज होता. पण टांगलेल्या पांढऱ्या पडद्यामागून एक माणूस बाहेर आला. बोटांना निळा रंग, खांद्यावर पंचा आणि चेहऱ्यावर ओशाळेपणा औषधालाही नाही. हे चित्रकलेचे मास्तर, रुपराव. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅजिक लँटर्न दाखवायला त्यांना बोलावलं होतं. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडानं पडद्यावर मोठी करून दाखवायचं ते यंत्र.

"चोरून ऐकता काहून?" मी विचारलं.

"दिवा पुसून राहिलो होतो. कान काई झाकता येत नाई." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "भाषण ऐकून बायांनी करायचं काय?"

"सूतिकागृहात यायचं."

"मंग ते हाय कुठं भाषणात?"

ते शेवटच्या पानावर होतं, मृत्यूंच्या आकड्यांखाली. मला राग आला. माणूस खरं बोलला की येतोच.

मी लकडगंजातल्या नव्या सूतिकागृहाची नर्स. दार उघडल्यापासून खाटा रिकाम्याच. बाळंतपण आपल्या घरच्या बंद खोलीतच बरं, असं बाया म्हणायच्या. कमिटीनं महिनाअखेर कुलूप लावायचं ठरवलं होतं. त्याआधी बाया एकत्र भेटणार त्या फक्त या हळदीकुंकवाला.

मग रोज शाळा सुटली की तालीम. ते माझे शब्द गाळायचे, मी त्यांची चित्रं.

"हा नदीचा घाट कशाले?"

"लय साजरा उतरला हाय."

"म्हणूनच नको. बाया त्याच्यातच अडकतीन."

लेक सासरी धाडावी तशी ती काच त्यांनी पंचात गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "आकडे ऐकून कोणाचे डोळे भरत नाईत. एका बाईची गोष्ट सांगा."

"माझी ताई होती... तारा..." मला पुढे बोलवेना.

त्यांनी विचारलं नाही. "सांगवत नसन तं नका सांगू," एवढंच म्हणाले आणि दिव्याची वात कापत बसले. त्या दिवशी ते मला आवडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हळदीकुंकवात पुरुषमाणूस कसा चालेल? तेव्हा मास्तरांनी चित्र आरपार दिसावं म्हणून पडदा ओला करून दिवा त्याच्या मागेच मांडला. मी टेबलावर बांगडी वाजवली की त्यांनी पुढचं चित्र लावायचं, असं ठरलं.

त्या दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून हॉल अंधारा केला. पहिलं चित्र आलं, माहेरी आलेली गर्भारशी. आणि सगळा हॉल हसायला लागला.

"हे तं गुजरातीण हाय वं," पुढ्यात बसलेल्या प्रयागबाई म्हणाल्या.

लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावर होता. मागून दिवा लावला की चित्र उलटं दिसतं, त्यासाठी काच पलटवून लावावी लागते. मास्तर तेच विसरले होते. घोकलेलं भाषण माझ्या डोक्यातून पार उडालं. प्रयागबाईंच्या शेजारी त्यांची लेक प्रेमिला होती. दिवस भरलेले, मान खाली. तिच्याकडे बघता बघता मी हातातले कागद ठेवून दिले.

"माझी ताई अशीच माहेरी आली होती," मी म्हणाले. "आईनं खोली अशीच अंधारी केली, आत्ता हा हॉल हाय तशी. फटीत चिंध्या कोंबल्या, वारा लागू नये म्हणून. आईची मायाच होती ते. पोरगी झाली. मंग ताईले ताप चढला... ताई गेली. पोरगीबी गेली."

मला रडू आवरेना. हात टेबलावर होता, पण बांगडी वाजवायचं बळ नव्हतं. दुसऱ्या कोणी घाबरून पुढचं चित्र सरकवलं असतं. मास्तर थांबले. पडद्यावरची ती बाई तशीच उभी राहिली.

"आमच्या खोलीले खिडक्या हायत," मी शेवटी म्हणाले. "उकळलेली कात्री हाय. आन् मी हावो."

बांगडी वाजवली. खिडकीजवळची स्वच्छ खाट आली. या वेळी काच बरोबर लावलेली होती.

"हे खाट तुमची हाय. या," म्हणून मी खाली बसले.

तिळगूळ देताना प्रयागबाईंनी माझा हात धरला. "खिडकीतून वारा नाई न लागत, बाई?"

"पडदा हाय, मावशी."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मंग घेऊन येतो इले उद्या."

बाया गेल्या. पडद्यावर खाट तशीच होती.

"मास्तर, पदर उलटा झाला."

"काचा लावताना ध्यान तुमच्याकडं होतं," पडद्यामागून आवाज आला.

"आन् मी थांबली तवा?"

"तुमी रडून राहिल्या होत्या. दिसत नव्हतं, पण समजलं. बांगडी वाजेपर्यंत थांबायचं, तेवढंच माझ्या हाती होतं..." ते घुटमळले. "शामलाबाई, एक बोलू? म्हणजे... कुठून सुरू करू..."

"करायचं काय, ते आधी सांगा."

"माझ्यासंग लगन करा."

मी टेबलावर बांगडी वाजवली.

पडद्यावरची खाट गेली, नुसता उजेड राहिला. मग ओल्या कापडाची कड उचलून मास्तर बाहेर आले.