खिडकीचं माप

परदेशात सहलीला निघालेलं कुणीही आमच्या इमारतीत आधी माझ्याकडे येतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात हयात गेल्यामुळे दुकानदार या प्राण्याबद्दल मला सगळं कळतं, असा लोकांचा समज आहे. मीही तो मोडत नाही. पहिल्या दिवशी काही घेऊ नका, नुसतं हिंडून भाव काढा, असं सांगतो. मोठ्या चौकात जे काचेच्या कपाटात असतं, तेच मागच्या गल्लीत टोपलीत असतं. 'शेवटचा नग' म्हणाला की समजायचं, आत खोकं भरलेलं आहे. बुटांचे आकडे तिकडे वेगळे, तेव्हा पावलाचा कागद कापून न्या. जड वस्तू नको, काच नको. आणि काहीही घेण्याआधी स्वतःला विचारा, हे नेऊन ठेवणार कुठं?

हे शेवटचं सांगताना माझा आवाज जरा बदलतो, असं लेक म्हणते. बदलत असेल.

त्या सहलीला आम्ही गेलो ते लेकीच्याच हट्टानं. आमच्या हिला प्रवासाची हौस नव्हती आणि खरेदीचा तर कंटाळा. घरातलं सगळं, अगदी पडद्याच्या कापडापर्यंत, मी आणायचो. ती फक्त म्हणायची, "बरं आहे." शिवाय तिला दिशा कळत नाहीत. नव्या इमारतीत राहायला आलो त्या वर्षी ती भाजी घेऊन तीनदा शेजारच्या इमारतीचा जिना चढून गेली होती. त्यावरून आम्ही तिला अजून चिडवतो. म्हणून विमानातच मी बजावलं, "माझा हात सोडायचा नाही."

"नाही हो," ती म्हणाली. "सोडून जाऊ कुठं?"

ते गाव जुनं होतं. दगडी फरशीचे रस्ते, चिंचोळी उंच घरं, लोखंडी कठड्यांच्या गॅलऱ्या. पानगळीचे दिवस होते. झाडांखाली ओल्या पानांचा थर साचलेला आणि हवेत सकाळ-संध्याकाळ बोचरा गारवा. आमच्याबरोबर टूर मॅनेजर म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिला तिथली भाषा येत होती. पहिल्या दुपारी तिनं सगळ्यांना बाजाराच्या रस्त्यावर सोडलं आणि आम्हा दोघांना म्हणाली, "काकू, इथं थंडी वाढेल. एक कोट बघून ठेवू या."

शिंप्याचं दुकान अरुंद होतं. आत इस्त्रीच्या वाफेचा आणि ओल्या लोकरीचा वास. म्हातारा शिंपी तोंडात टाचण्या धरून उभा होता. हिला पाहिल्याबरोबर त्यानं टाचण्या काढल्या, मान डोलवली आणि काही न विचारता आत गेला. परत आला तो कागदात गुंडाळलेला तपकिरी कोट घेऊन. त्यानं तो उलगडला आणि हिच्या मागं धरला. हिनं हात घातले.

कोट तिच्या अंगावर असा बसला की जणू तिथंच शिवला होता.

लहानपणी झाडावरून पडून हिचा डावा कोपर मोडला होता. तो हात पुरता सरळ होत नाही. तिच्या प्रत्येक कपड्याची डावी बाही शिंप्याला दोन बोटं आखूड सांगावी लागते. या कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड होती.

"काय म्हणतात ते?" मी विचारलं, कारण म्हातारा हसून काहीतरी बोलत होता.

मुलगी गोंधळली. "म्हणतायत, काकू मागच्या आठवड्यात माप देऊन गेल्या. आणि उशीर झाला त्याबद्दल माफ करा."

मी मोठ्यानं हसलो. दुकानदारांच्या क्लृप्त्या मी पुष्कळ पाहिल्यात. ही नवी होती आणि चांगली होती. पण मी पाकीट काढलं, तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही हात मागं घेतले. तो पैसे घेईना. मुलीनं परोपरीनं सांगून पाहिलं, तरी घेईना. अशी क्लृप्ती मी कधी ऐकली नव्हती.

ही आरशासमोर उभी होती. कोटाच्या खिशात हात घालून. खिसे कुठं आहेत हे शोधावं न लागता.

"काढ तो," मी म्हणालो.

"राहू दे की," ती म्हणाली. "ऊब आहे."

दुसऱ्या दिवशी मी एका दुकानाबाहेर नकाशा उलगडून उभा असताना ही समोरच्या घरगुती सामानाच्या दुकानात शिरली आणि बाहेर आली ती लांब दांड्याचा झाडू घेऊन. एका हातात पत्र्याची बादलीही होती.

"अगं, झाडू? हा काय विमानातून न्यायचा?"

"लागेल," ती म्हणाली.

टूर मॅनेजर मुलगी हसू दाबत होती. मीही हसलो असतो. पण ही तोपर्यंत पुढच्या वळणावरून डावीकडं गेली होती, नकाशात न बघता, मला न विचारता. आम्ही तिच्या मागून गेलो, तर ती कापडाच्या दुकानात होती. गल्ल्यावरच्या बाईशी बोलत होती. हातांनी लांबी-रुंदी दाखवत होती आणि मधूनमधून त्यांच्या भाषेतले शब्द वापरत होती.

"काकू, हे कधी शिकलात?" मुलीनं विचारलं.

"काय?" ही म्हणाली.

बाईनं पांढऱ्या कापडावर निळ्या बारीक रेघा असलेला तागा काढून दोन तुकडे फाडले. लांब आणि अरुंद. माप हा माझा धंदा होता. आमच्या घरातल्या प्रत्येक खिडकीचं माप मला पाठ आहे. एवढी उंच आणि एवढी अरुंद खिडकी आमच्याकडं नाही.

"कुठल्या खिडकीचं हे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं अशा चेहऱ्यानं पाहिलं, जणू मी काहीतरी वेडगळ बोललोय. "खिडकीचंच की हो," ती म्हणाली.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी सामान आवरत होतो. झाडू नव्हता. बादली नव्हती. कापडही नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसून पायांना तेल चोळत होती.

"झाडू कुठंय?"

"ठेवला."

"कुठं ठेवला?"

"जागेवर," ती म्हणाली, आणि दिवा मालवायला उठली.

माणूस अशा वेळी वाद घालत नाही. थकलीय, वय झालंय, हवा मानवली नाही, असं काहीतरी स्वतःला सांगतो. मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आई एकदाची हौसेनं काही घेतेय तर घेऊ द्या ना." तेही खरंच होतं.

शेवटच्या दुपारी सगळ्यांना खरेदीसाठी मोकळा वेळ होता आणि संध्याकाळी विमानतळावर निघायचं होतं. बॅगा खाली गेल्या होत्या. मी खुर्चीत बसल्याबसल्या डुलकी काढली. जागा झालो तेव्हा ही खोलीत नव्हती. खिडकीतून खाली पाहिलं. चौकातून तपकिरी कोट चालला होता. डावा हात जरा दुमडलेला.

मी धावलो. या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

हाका मारल्या. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाजाराचा रस्ता संपला, मग एक बोळ, मग एक छोटा दगडी पूल. ती कुठं थबकत नव्हती. वाटेत एका दुकानदारानं तिला मान लववली आणि तिनंही लववली. पुलापलीकडं एका हिरव्या दाराच्या घरात ती शिरली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत लाकडी जिना, वर छताला काच, आणि तिच्यातून पडलेला भरपूर उजेड. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक दार उघडं होतं.

मी उंबऱ्यात थांबलो.

खोली लहान होती आणि फार स्वच्छ होती. दाराजवळच्या खुंटीवर कोट. कोपऱ्यात झाडू, शेजारी पालथी घातलेली बादली. उंच, अरुंद खिडकीला पांढरे पडदे, निळ्या बारीक रेघांचे. ते बरोबर खिडकीच्या कट्ट्यापर्यंत येत होते, एक बोटही कमी-जास्त नाही. शेगडीवर भांडं चढवलं होतं. टेबलावर दोन ताटल्या होत्या आणि ही उभी राहून पाव कापत होती.

तिनं वर पाहिलं.

"कोण हवंय?" तिनं विचारलं.

मी एक पाऊल आत टाकलं.

"बसा ना," ती म्हणाली. सुरी खाली ठेवून तिनं खुर्ची पुढं सरकवली. "हे येतीलच इतक्यात."

हे.

आमचं लग्न झाल्यापासून या जगात तिच्यासाठी 'हे' म्हणजे मी. फोनवर, दारात आलेल्या माणसाला, शेजारणीला. हे बाहेर गेलेत. हे झोपलेत. तो सूर मला माहीत होता. परक्या माणसाशी बोलताना ती असाच, जरा हळू, जरा जपून बोलते.

"अगं, मी आहे," मी म्हणालो.

तिनं मला नीट पाहिलं. घरी काही विकायला आलेल्या माणसाला पाहतात तसं. त्यात राग नव्हता. ओळखही नव्हती.

खाली दार वाजलं.

मग जिन्यावर पावलं. जड बुटांची, सावकाश. रोज येणाऱ्या माणसाची.

हिनं केसांवरून हात फिरवला. पदर सारखा केला. तिचा चेहरा उजळला. तो उजेड मी ओळखत होतो, पण फार वर्षांपूर्वीचा.

मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

ती ओरडली नाही. आली. नुसती मागं वळून शेगडीकडं पाहत होती.

जिन्यावर भरपूर उजेड होता. वरपासून खालपर्यंत सगळ्या पायऱ्या दिसत होत्या. कुणी नव्हतं.

पावलं वर येत होती.

वळणावर ही भिंतीला चिकटून उभी राहिली. नजर खाली. कुणाला तरी वाट देत.

थंड हवेचा झोत माझ्या चेहऱ्यावरून गेला. तंबाखूचा वास. माझ्याशेजारची पायरी दबली, करकरली, आणि पुन्हा वर आली.

मी हिचं मनगट आणखी घट्ट धरलं.

वर, त्या खोलीचं दार हळूच लागलं.

आम्ही बसपाशी पोहोचलो तेव्हा सगळे आमचीच वाट पाहत होते. मुलगी म्हणाली, "काकूंचा कोट?" मी म्हणालो, राहिला. तिनं माझा चेहरा पाहिला आणि पुढं विचारलं नाही. विमानतळापर्यंत मी हिचं मनगट सोडलं नाही. त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. विमान उडालं, दिवे मंद झाले, आणि ती माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, पाणी मागा ना जरा. घसा सुकलाय."

मी तोंड खिडकीकडं फिरवलं. डोळे पुसायला वेळ लागला.

त्याला आता चार महिने झाले. ही ठीक आहे. स्वयंपाक करते, लेकीशी फोनवर भांडते, माझ्या औषधांच्या वेळा लक्षात ठेवते. सहलीचा विषय निघाला तर सगळ्यांबरोबर हसते. एकदा मी धीर करून विचारलं, "त्या पुलापलीकडच्या घरात तू कशी गेलीस?" तिनं चष्म्यावरून पाहिलं. "कुठल्या पुलापलीकडं? मी तर तुमचा हात धरून होते सगळीकडं." ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलली की तिच्या कानांच्या पाळ्या लाल होतात. तेव्हा झाल्या नव्हत्या.

फक्त दुपारची झोप वाढली आहे. जेवण झालं की आडवी होते आणि गाढ झोपते. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. मी शेजारी पेपर घेऊन बसतो. पेपर वाचत नाही.

परवाची गोष्ट. मार्चचं कडक ऊन, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, डोक्यावर पंखा गरगरतोय तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. ही भिंतीकडं तोंड करून झोपली होती. झोपेत पाय पोटाशी घेतलेले. तिच्या कानामागं केसांत काही पांढरं दिसलं. पिकलेले केस असतील म्हणून मी हात लावला.

ते गार होतं. बोटाला लागलं आणि विरघळलं.

खांद्यावरही होतं, थोडं, भुरभुरल्यासारखं. उशीचा अभ्रा ओला झाला होता. आम्ही तिथं होतो तेव्हा बर्फ पडायला अजून अवकाश होता.

मी उठून पंखा बंद केला आणि कपाटातून जाड पांघरूण काढून तिच्या अंगावर घातलं. झोपेतच तिनं ते अर्धं बाजूला सारलं, भिंतीकडं सरकली आणि पलंगावर एका माणसापुरती जागा केली.