फाट्यावरची मोजणी

केदारखेड्याजवळच्या एका फाट्यावर ज्योत्स्ना आठवडाभर माणसं मोजायला बसली होती. काम तसं बिनघोर होतं. जालन्याहून वरच्या अंगाला नवी रेल्वे टाकून पॅसेंजर काढायची तर मधल्या गावांतून बसणार किती, हे कुणीतरी मोजायला हवं. त्याचा ठेका एका कंपनीनं घेतला होता आणि कंपनीनं गावातलीच दोन माणसं रोजानं लावली होती. एक ज्योत्स्ना, दुसरे रामकिसन. चढणारे-उतरणारे मिळून दिवसाची सरासरी पाचशेच्या वर गेली तर इथे थांबा होणार, नाहीतर गाडी गावाकडे न बघता पुढे निघून जाणार.

ज्योत्स्नाला तो थांबा जिवापाड हवा होता. तिचा नवरा भारत जालन्यात सळयांच्या कारखान्यात कामाला. काळी-पिवळी जीपमध्ये आत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर मागच्या पायरीवर एक पाय ठेवून, वरची दांडी धरून पस्तीस-चाळीस किलोमीटर लोंबकळायचं. आठ वर्षं तो असाच जात होता. संध्याकाळी सात वाजता तो फाट्यावर उतरेपर्यंत तिच्या जिवाला घोर असायचा, आणि हे तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मोजायची रीत सोपी. जालन्याकडे जाणाऱ्या बाजूला, पंक्चरच्या दुकानासमोर ज्योत्स्ना बसे. ती चढणारे मोजायची. रस्त्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या हॉटेलाच्या पत्र्याखाली रामकिसन उतरणारे मोजायचे. माणूस दिसला की रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी, पुढच्या रकान्यात गाडीचा नंबर. संध्याकाळी दोघांचे कागद शेजारी ठेवायचे आणि फोटो काढून कंपनीला पाठवायचे.

पहिल्या दिवशी गेले दोनशे सत्तेचाळीस, परत आले दोनशे चौपन्न. होतं असं, ती म्हणाली. कुणी मोटारसायकलवर जातं आणि जीपनं परततं. दुसऱ्या दिवशीही परतणारे सात जास्त. तिसऱ्या दिवशीही सातच. तेव्हा मात्र तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रामकिसनची तीन एकर जमीन नेमकी रेल्वेनं आखणीसाठी ठोकलेल्या खुंट्यांना लागून होती. थांबा झाला तर त्या तीन एकरांचं सोनं होणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

चौथ्या दिवशी तिनं पलीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सहाला दहा कमी होते. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवलेल्या, धूर रस्त्यावर उतरत होता. वीस मिनिटांत एकही गाडी आली नव्हती. पत्र्याखाली रामकिसन एकटेच होते. समोर कुणी नाही, आणि त्यांची पेन्सिल चालली होती. मान वर करायचे, ओठ हलवायचे, रेघ ओढायचे. असं सात वेळा झालं.

ती ताडकन उठून पलीकडे गेली आणि कागद ओढून घेतला. सात रेघांपुढे गाडीच्या नंबरचा रकाना कोरा होता. गाडी नाही तर माणूस उतरला कुठून, असं तिनं विचारलं.

"उतरत न्हाईत ते," रामकिसन खालच्या आवाजात म्हणाले. "पुलाकडून पायी येतात. मी इचारतो, कुठून आलात. म्हणतात, जालन्याहून. मंग रेघ ओढतो."

"मला तर तुम्ही एकटेच दिसलात, भाऊ."

रामकिसननी थर्मासातला चहा तिच्यापुढे केला. खोटं बोलणारा माणूस चहा पुढे करतोच, असं तिनं मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. त्या रात्री तिनं ठरवलं, उद्या बाजू बदलायची. रामकिसनना सांगितलं तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. उलट त्यांना सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं, आणि तेही तिला खटकलं.

सहाव्या दिवशी ती पत्र्याखाली बसली. ऊन उतरलं, धुराचा वास दाटला. रस्ता रिकामा झाला. पंक्चरवाल्याचा हवेचा पंप बंद पडला आणि एवढी शांतता झाली की तिला कागदावर सरकणाऱ्या स्वतःच्या मनगटाचा आवाज आला.

पुलाकडून ते आले. रस्त्याच्या कडेनं, एकामागे एक. भुतासारखं त्यांच्यात काही नव्हतं, म्हणून तिला आधी हसूच आलं. दिवसभराच्या कामानं दमलेली, आपल्याकडची असतात तशी माणसं. आठ वर्षं ती या गावात नांदत होती, पण त्यातल्या एकालाही ती ओळखत नव्हती. रोजानं आणलेली दिसतात, ती मनात म्हणाली. पुढची बाई एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा घेऊन समोर थांबली.

"कुठून आलात, मावशी?"

"जालन्याहून. दवाखान्यातून."

"रामकिसनभाऊंनी पाठवलं का तुम्हाला?"

बाईला हे नाव माहीत नसावं. तिनं उलट विचारलं, "रेल्वे येणार हाय म्हणं... खरं हाय का?"

"येईल. सकाळी कोणत्या गाडीनं गेल्ता तुम्ही?"

"काळी-पिवळीनं गेल्ते. पोचले न्हाई."

ज्योत्स्नानं वर पाहिलं. बाईचा उजवा हात खांद्याच्या वर उचललेला होता आणि मूठ घट्ट मिटलेली. मागच्या माणसाचाही. त्याच्या मागच्याचाही. सातही जण एक हात वर धरून उभे होते, आणि वर धरायला काहीच नव्हतं. तरी पेन्सिल चालली. तिनं सात रेघा ओढल्या, आणि ते वस्तीच्या वाटेनं धुरात निघून गेले.

संध्याकाळी रामकिसननी तिचा कागद बराच वेळ पाहिला.

"मला तिकडून कुणीच दिसलं न्हाई, ज्योत्स्नाताई," ते म्हणाले. "तुम्ही बी मनानंच ओढल्या का?"

आता तेच तिच्याकडे संशयानं बघत होते. सहा दिवसांची सरासरी पाचशे तीन निघाली. ते सात वजा केले की चारशे शहाण्णव. ती भ्याली होती, हे खरं. पण भारत पायरीवर लोंबकळतो त्याचं भय जुनं होतं आणि जास्त मोठं होतं. रेघा खोडायच्या नाहीत, असं तिनं ठरवलं आणि फोटो पाठवून दिला. लाज वाटली, आणि आत कुठेतरी आनंदही झाला.

सातव्या दिवशी सकाळी भारत पायरीवरूनच तिच्याकडे बघून हसला. गाडी हलली, आणि तिनं त्याची रेघ ओढली. चारनंतर ती पुन्हा पलीकडे जाऊन बसली. आज त्या सातांच्या मागे जायचं, ते शिरतात कुठे ते बघायचं, असं तिच्या मनात होतं.

सहाच्या सुमाराला ते आले. रेघा ओढत ती सातावर आली. मान वर केली तर समोर आठवा उभा होता.

तो भारत होता. पुलाकडून, पायी आलेला. त्याच्या रोजच्या वेळेला अजून तासभर होता. तिला आधी बरंच वाटलं, मग तिनं पुलाकडे पाहिलं.

"लवकर कसे आलात?"

"विचार की," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांना विचारतीस तसं."

तिनं विचारलं नाही. तेवढ्यात टेबलावर तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं, भारत. समोर उभ्या भारतच्या हातात काहीच नव्हतं.

"उचलू नको... तू उचलत न्हाईस तवर मला हितं थांबता येतं."

फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मग पलीकडे रामकिसनचा वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि तिच्याकडे बघत उठून उभे राहिले. ते रस्ता ओलांडायला लागले तसा तिनं तळहात समोर धरला. गाडी थांबवावी तसे ते रस्त्याच्या मधोमध थांबले.

कंपनीनं रेघांच्या कागदांसोबत बावीस प्रश्नांचे लांब फॉर्मही दिले होते. घाईतल्या माणसाला इतकं कोण विचारतो, म्हणून गठ्ठा तसाच पडून होता. प्रश्न संपेपर्यंत तरी तो थांबेल म्हणून तिनं त्यातला एक कोरा फॉर्म काढला आणि पहिल्या प्रश्नापासून सावकाश वाचायला सुरुवात केली. नाव. गाव. वय. घरात माणसं किती. भारत एकेक उत्तर देत होता, आणि ती एकेक अक्षर गिरवत होती.

सहाव्या प्रश्नाला तिनं पान उलटण्यासाठी मान वर केली. पुढे गेलेले ते सातही जण परत येऊन भारतच्या मागे, आपली पाळी यायची वाट बघत, रांगेत उभे होते. त्यांच्या मागे आणखी माणसं होती. रांग पुलापर्यंत गेली होती, आणि पुलाच्या पलीकडूनही कुणी कुणी येत होतं.

तिनं सातवा प्रश्न वाचला.