एक तरी दिवस बराबर

कळमनुरीच्या बाजारात मी घरचा बिघडलेला रेडिओ घेऊन गेले, तर दुकानातल्या पोरानं मान वरही केली नाही. मी खाकरले. बांगड्या वाजवल्या. शेवटी रेडिओच त्याच्या नाकासमोर धरला!

"कवा आल्या तुमी?" तो दचकला.

"गेल्या वर्षी."

तो हसला... आणि मी फसले. त्याचं नाव संतोष, शेजारच्या तांड्यावरचा. रेडिओ काही वेळेवर मिळाला नाही. पण मला तरी कुठं घाई होती!

पुढच्या वर्षी माझा बा, उत्तमसिंग, आमच्या लग्नाला कसाबसा राजी झाला. गुरुवारी संतोषनं मामाला घेऊन यायचं, गूळ वाटायचा, सोयरीक पक्की. तांड्यातली जाणती माणसं आमच्या दारी जमली. दिवस कलला... संतोष आलाच नाही. कुणाचा तरी टेप उघडून बसला आणि वारच विसरला.

"बेपर्वा पोरगं! माझी रुपा त्याला न्हाई द्यायची," बा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मी हिंगोलीला अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला गेले. त्याचा राग राग करायचा, असं पक्कं ठरवलं होतं. पण कुठं रेडिओ वाजला, की जीव नुसता त्याच्याकडे धावायचा.

एका दुपारी डॉक्टरबाई एडीएचडीबद्दल सांगू लागल्या. "ही मुलं मुद्दाम करत नाहीत. एकीकडे गुंतलेलं लक्ष त्यांना सोडवता येत नाही, ठरलेली वेळ निसटते. मेंदूची ठेवणच तशी. काहींचं हे मोठेपणीही राहतं. मारू नका, समजून घ्या."

माझे डोळे भरून आले. हा तर माझा संतोष!

प्रशिक्षण संपवून आमच्या तांड्याच्या फाट्यावर उतरले, तर तो तिथंच बसलेला.

"काहून आला?"

"दिवस धरून यायला जमत न्हाई मला. म्हणून रोज येऊन राहिलो... त्यात एक तरी बराबर निघंल. तुमच्या दारी जातो, पण तुझा बा बोलतच न्हाई, म्हणून हितं बसतो."

मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. नांदेडला दोघं मिळून डॉक्टरला दाखवू, म्हटलं. शाळेत यासाठीच त्यानं रोज मार खाल्ला होता.

"म्हंजे... मी बेपर्वा न्हाई?"

"बेपर्वा माणूस रोज येतो व्हय?"

मला घ्यायला आलेला बा कधीचा मागं उभा होता. त्यानं माझी पिशवी उचलली.

"रुपा, घरी घेऊन चल त्याला," तो म्हणाला. "उद्या आणखी चकरा मारायला नकोत त्याला."