पूल सुटायच्या आधी

चूक कुमुदची नव्हती, पौषातल्या धुक्याची होती. त्या धुक्यात अख्खं बलिया शहर घाटावर येऊन उभं राहिलं, तरी दिसणार काय, तर माकडटोप्या आणि मफलर! एक मोटरसायकल फुरफुरताना दिसली तशी ती मागे बसली आणि चुलतभावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"किती वाट पाहायला लावतोस रे चुन्नू! शाळा काय तुझ्या सासऱ्याची आहे, कधीही पोचलं तरी चालायला? चल आता!"

गाडी निघाली. पिंपांचा तरंगता पूल खडखडत होता, खाली गंगा होती, पण दिसत दोन्ही नव्हतं. मध्यावर आल्यावर पुढचा माणूस अदबीनं म्हणाला, "मी चुन्नू नाही. धपाटा मात्र झकास होता."

कुमुद झटकन मागे सरकली. "मग... आधी का नाही बोललात?"

"बोलू कुठे दिलंत? मास्तरीणबाईंनी चल म्हटलं, मी चाललो."

"थांबवा! मी उतरते."

"इथे? पोहता येतं का?"

तिला हसू आवरेना. पलीकडे पोचल्यावर त्यानं मफलर खाली ओढला आणि कुमुदला उगाचच शाळेची आठवण झाली. कारण आणखी क्षणभर तिथे उभी राहिली असती, तर त्या डोळ्यांकडे बघतच राहिली असती.

त्याचं नाव हरिकेश. पावसाळा सरला की नदी मागे हटते आणि तिच्या वाळूत पलीकडचे लोक कलिंगडं, काकड्या लावतात. त्यांतलाच तो एक. कुमुदची शाळाही पलीकडेच, त्याच्या घरासमोर. धुकं विरलं, पश्चिमेचा कोरडा पछुवा वारा सुटला, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडल्या... आणि चुन्नूला सकाळी लवकर उठायची गरज उरली नाही, कारण कुमुद आता पुलावरून चालतच जायची. हरिकेशचीही गाडी नेमकी पुलापाशीच बंद पडायची.

"यंदा नदीनं तुमचं शेत कुठे ठेवलंय?" ती विचारी.

"शाळेच्या खिडकीसमोर."

"म्हणजे मुलांचं लक्ष लागायचं नाही."

"मुलांचं?" तो भुवई उंचावून विचारी, आणि कुमुद ओढणी सावरत पुढे निघे. ती प्रेमात पडली होती. सांगायला तोंड मात्र दोघांनाही नव्हतं.

मे उजाडला. गरम वाऱ्याची लू अंग भाजून काढू लागली. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी हरिकेश डोक्याला ओला गमछा बांधून, लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून पुलावर उभा होता.

"माझी बदली झाली," कुमुद म्हणाली. "जुलैपासून शहरातली शाळा. पाऊस आला की पूल सुटतो, पिंपं काठाला लागतात, मग नुसती होडी. आणि बाबूजींनी लहानपणी डोळ्यांदेखत एक होडी बुडताना पाहिलीय. ते मला चढू देत नाहीत. आता मी इकडे... येणार नाही."

हरिकेशनं डोक्याचा गमछा सोडून पुन्हा बांधला. "बरं... बाबूजींना काळजी वाटणारच."

"एवढंच?"

"ज्याचं शेत दरसाल नदी गिळते, त्यानं कुठल्या तोंडानं काही मागावं, कुमुद?"

पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली होती. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आहे त्याच तोंडानं," ती म्हणाली आणि तोंडाला ओढणीही न बांधता भर उन्हात चालू लागली.

जूनमध्ये वारा फिरला. पूर्वेचा दमट पुरवा वाहू लागला, बाबूजींचे गुडघे ठणकू लागले, नदी फुगली. यंदा पूल लवकर सोडताहेत, अशी बातमी चुन्नूनं आणली, तशी कुमुद ताटावरून उठली.

तिसऱ्या प्रहरी दार वाजलं. दोन्ही काखांत दोन कलिंगडं घेऊन, घामानं निथळत हरिकेश उभा होता. बाबूजींच्या पाया पडायला वाकला, तसं एक कलिंगड गडगडत खाटेखाली गेलं.

"कोण रे तू?"

"पलीकडचा, बाबूजी. कुमुदचा हात मागायला आलोय. शेवटचा मीच पूल उतरलो. माझ्यामागे दोर सोडले त्यांनी."

कुमुद आतल्या दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

"आणि तुझं शेत बुडालं की माझी पोर खाणार काय?"

"शेत दरसाल बुडतं. दरसाल नवी वाळू मिळते, त्यात पिकतं तेवढ्यात आमचं घर चालतं. घर उंचावर आहे, तिथे पाणी चढत नाही. शाळा दारासमोर. तिला होडीत पाय ठेवावा लागणार नाही."

"म्हणजे पावसाळाभर मला तिचं तोंड दिसणार नाही."

"नाही दिसणार, बाबूजी. खोटं कसं सांगू?"

बाबूजी लेकीकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

"मला ती शाळा सोडायची नाही. बदली रद्द करून घेईन." ती चौकट ओलांडून पुढे आली. "आणि... यांनाही."

मग बाबूजी कण्हत खाली वाकले, खाटेखालचं कलिंगड ओढून मांडीवर घेतलं आणि उगाचच त्याच्यावर टिचक्या मारत राहिले.

"वारा पडेपर्यंत इथेच राहायचं," ते हरिकेशला दरडावून म्हणाले. "असल्या पाण्यात होडीत चढलास तर याद राख."

"बरं, बाबूजी."

"पूल परत कधी बांधतात?"

"दिवाळीनंतरची छठपूजा झाली की."

"मग लग्न छठनंतर," बाबूजी म्हणाले आणि लेकीला दिसू नये म्हणून तोंड फिरवून डोळे पुसले. "तुमचं वऱ्हाड होडीतून आलेलं मला खपायचं नाही."