भिंतीला पाठ लावून उभा असलेला म्हातारा

कालव्याकाठच्या त्या घराचं छप्पर पुलासारखं गोल होतं. कालवा खणणाऱ्यांना पूल तेवढे बांधता येत. घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुलाचेच लाकडी साचे लावले आणि वरून विटांची कमान वळवली. त्या कमानीखाली केझाया प्लंबने सहा आठवड्यांच्या लेकीचा पाळणा ठेवला होता. पाळण्याच्या बरोबर वर छताला चीर गेली होती आणि ती रोज वाढत होती. गवंडी गॅड्सबी गुरुवारी येणार होता. तोवर पाळणा हलवून तरी कुठे ठेवायचा? घरभर तीच कमान, आणि बाहेर फेब्रुवारीचा गारठा.

मंगळवारी सकाळी दाट धुकं पडलं होतं. केझाया चुलीतली राख टाकायला बाहेर आली, तर वाटेकडच्या भिंतीला पाठ लावून तो म्हातारा उभा होताच. पाय रोवलेले, मान खाली, अंगाला ओल्या चिखलाचा वास. महिनाभर ती त्याला पाहत होती. कालव्याचे बांध राखणाऱ्या तिच्या नवऱ्याला, ईनॉकला, तो एकदाही दिसला नव्हता. "तुझ्या म्हाताऱ्याला कामधंदा नाही का गं?" म्हणून तो तिला चिडवायचा.

"आजोबा, आत या. चहा टाकलाय," ती म्हणाली.

"नाही जमायचं, पोरी... हललो तर..." त्याला दम लागला होता. "गुरुवार लांब आहे गं. आजच बोलाव त्याला."

गुरुवारचं तिने त्याला सांगितलं नव्हतं. तिने लेकीला शालीत गुंडाळलं आणि तडक गाव गाठलं.

कुरकुरत का होईना, गॅड्सबी आला. आधी त्याने छताला टेकू दिले. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या लोखंडी गजावरचा चुना खरवडला. गज मधोमध गंजून तुटला होता. दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर होतं.

"कमान दोन्ही भिंतींना बाहेर ढकलते, त्यांना धरायला हा गज," तो हळूच म्हणाला. "हा तर कधीचाच गेलाय. घर उभं कसं राहिलं, बाई?"

केझायाने त्याला बाहेर नेलं. म्हातारा नव्हता. खांद्यांच्या उंचीवर चुना घासून गेला होता आणि विटा गुळगुळीत झाल्या होत्या. तिला रडू आवरेना. इतके उपकार तिच्यावर सख्ख्या बापानेही केले नव्हते.

संध्याकाळपर्यंत नवा गज बसला. तिने भिंतीपाशी चहाचा मग ठेवला. "आता बसा जरा, आजोबा. ही लेक तुमच्यामुळे वाचली."

एवढ्यात पलीकडच्या, कालव्याकडच्या भिंतीबाहेरून गॅड्सबीची हाक आली. ती भिंत थेट पाण्यातून वर आलेली, पाय ठेवायलाही जागा नाही. तो होडीतून पाहत होता. तिथेही, पाण्याच्या हातभर वर, दोन खांद्यांची खूण होती. त्याने दहा फुटी बांबू खाली घातला. तळ लागला नाही.

केझायाने दुसरा मग भरला, दोरीला बांधला आणि खिडकीतून पाण्यात सोडला.

"तुमचेही उपकार आहेत हो," ती म्हणाली.

दोरी ताणली गेली. मग सैल झाली. वर आलेला मग रिकामा होता, आणि आतून कोरडा.