पाटीवरचं दुसरं नाव

"अजून किती पाट्या?" ऋतिकने विचारलं आणि तो सावलीत मटकन बसला.

"दोनच." सृष्टीचाही हात भरून आला होता. डिंभ्याजवळच्या औषधी बागेतली लॅटिन नावं उतरवून अर्थ शोधायचे, हा स्नेहलबाईंनी दिलेला सुट्टीचा अभ्यास. मे महिन्यात बागेत नुसत्या वाळक्या वेली उरल्या होत्या.

पहिली पाटी: शतावरी, ग्लोरिओसा सुपर्बा. सृष्टीने बाईंच्या यादीत पाहिलं. ग्लोरिओसा म्हणजे वैभवशाली, सुपर्बा म्हणजे दिमाखदार.

"शतावरीची फुलं तांदळाच्या कणीएवढी. ती कसली दिमाखदार?"

शेजारी पाटी होती: कळलावी, अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस. रेसिमोसस म्हणजे घोसांनी फुलणारी.

"कळलावीचं फूल तर एकेकटं येतं, जाळासारखं," ऋतिक म्हणाला. "आणि लॅटिन रंग जुना आहे, मराठी ताजा."

माळी सोपानकाका पाण्याचा पाइप ओढत आले. "मराठी नावं मीच रंगवली परवा. झाली आसंल अदलाबदल. कोण वाचतंय?"

"काका, काल आजीला शतावरी कुठून खणून दिलीत?" सृष्टीने विचारलं.

सोपानकाकांनी पाटीकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "हितनंच. सोलून, तुकडं करून दिलं."

कळलावीचं मूळ विषारी, हे मुलांना ठाऊक होतं. आणि आजीने शतावरी नेली होती ती घरातल्या आठ दिवसांच्या बाळंतीण काकूला दुधातून द्यायला. फोन लागेना. एसटीला दोन तास अवकाश होता.

"माझा गुडघा न्हाई साथ देणार. तुमी निघा, मी फोन लावत राहतो," सोपानकाका म्हणाले.

घरापर्यंत चार किलोमीटर चढ. ऋतिक दोनदा थांबला. सृष्टीने त्याला हाताला धरून ओढलं, बोलायला तिच्यात दम नव्हता.

घरी आजी, सारजाबाई, ते तुकडे घालून उकळलेलं दूध काकूसाठी पेल्यात गाळत होती; हा पहिलाच पेला.

"आजी, देऊ नकोस ते. कळलावी आहे."

"पाटीवर शतावरी लिवलंय पोरी."

"वरचं नाव चुकलंय, खालचं बरोबर आहे." सृष्टीने धापा टाकत दोन्ही नावांचे अर्थ सांगितले. आजीने ऐकलं. मग टोपलीत उरलेला तुकडा उचलून निरखला.

"शतावरीच्या मुळ्या बोटावानी, झुबक्यानं येत्यात. ह्यो तर जाडजूड कंद. सोललेला व्हता, म्हनून माझं ध्यान गेलं न्हाई." तिने दूध परसात खड्डा करून ओतलं, पातेलं राखेनं तीनदा घासलं.

संध्याकाळी स्नेहलबाई आल्या. सोपानकाका मान खाली घालून मागे उभे होते. बाईंनी सृष्टीची वही चाळली. "अर्थ नुसते उतरवले नाहीस, लावून पाहिलेस."

सृष्टीने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ती भिंतीला टेकून झोपली होती. आजी तिच्या पायांना तेल चोळत हळूच म्हणाली, "झोपू द्या तिला. आज माझं घर राखलंय पोरीनं."