हेमकांतचा कॅमेरा

दार उघडलं आणि भाविका हसली. किती दिवस मोबाइलवर पाहिलेला तोच चेहरा, तेच दाट भुवयांचे डोळे... तो मात्र हसला नाही.

"हेमकांत ना? मी भाविका. कॅमेऱ्यासाठी आलेय, प्रकाशा गावाहून."

तो कडी धरून उभाच राहिला. तळोद्यावरचं धुकं अजून विरलं नव्हतं, गल्लीतली माणसं सावल्यांसारखी सरकत होती. मघाशी पत्ता विचारल्यावर दुकानदारानं नुसतं बोट दाखवलं होतं.

"मी गोकुळ. हेमकांत माझा मोठा भाऊ," असं म्हणून तो बाजूला झाला.

समोरच्या भिंतीवर हेमकांत होता. चंदनाच्या हारात.

"पोळ्याच्या आधी गेला. अपघातात."

तेवढ्यात भाविकाच्या हातातला मोबाइल थरथरला. हेमकांतचाच मेसेज होता. 'आधी अर्धे पैसे टाक, दुसरं गिऱ्हाईक आलंय.' नावापुढे हिरवा ठिपका जळत होता.

तिच्या अंगावर काटा आला. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर तिनं लग्नं, डोहाळजेवणं केली होती, स्वतःचा कॅमेरा घ्यायला पैसे साठवले होते. हा माणूस बोलायचाही किती गोड... पण वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसा द्यायचा नाही, हा तिचा हट्ट. म्हणून तर ती न कळवता आली होती.

स्वयंपाकघरातून त्याची आई, रंजनाबाई, बाहेर आली. तिनं मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं.

"हेमकांत बोली ऱ्हायना का?" तिनं हळूच विचारलं. "जेवना का, इचार त्याले."

तो जेवला का, हा आईचा प्रश्न ऐकून गोकुळनं मान फिरवली.

शेवटी भाविकानं लिहिलं, 'मी तुमच्या घरात उभी आहे.'

मग उत्तर उमटलं, 'मीपण घरातच आहे.'

तिघांची नजर एकदम आतल्या खोलीकडे गेली. पडदा हलत होता. गोकुळ आत गेला... आणि एकटाच बाहेर आला. कॅमेरा फळीवर होता, खिडकी उघडी होती.

पुन्हा मेसेज आला, पैसे पाठवायचा क्यूआर कोड. भाविकानं तो गोकुळच्या मोबाइलवर नुसता स्कॅन केला, पैसे भरले नाहीत. वर नाव आलं ते त्या घरात कुणी कधी ऐकलंही नव्हतं.

गोकुळनं सुस्कारा सोडला. "कुणीतरी त्याचं खातं चोरलंय. जुन्या पोस्टमधून घर, आई, कॅमेरा, सगळं वाचलंय." मग हळूच म्हणाला, "भूत असतं तर निदान स्वतःचं नाव तरी लावलं असतं."

त्या गारठ्यातही तिला हसू फुटलं.

नंदुरबारला सायबर पोलिसांकडे दोघं बरोबरच गेले. खातं बंद व्हायला दिवस लागले. तोवर गोकुळचे फोन येत राहिले.

"गोकुळ बोलतोय."

"कशावरून?"

"व्हिडिओ लावू?"

"लावा... खात्री केलेली बरी."

आधी त्याच्या चेहऱ्यात तिला भिंतीवरचा माणूस दिसायचा आणि ती दचकायची. मग कधीतरी हसताना त्याच्या गालावर पडणारी खळी दिसली. ती हेमकांतला नव्हती. त्यानंतर ती खळीच शोधू लागली.

"कॅमेरा त्या पोरीले दे," एक दिवस रंजनाबाई स्वतःच म्हणाली.

भाविका भर दुपारी आली. बिलावरचा नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबरशी ताडून पाहिला, लेन्स उजेडात धरली, चार फोटो काढले. मोबाइलच्या पडद्यावर रंजनाबाईचं नाव दिसल्यावरच पैसे पाठवले आणि पावतीवर सही मागितली.

"इतका संशय?" गोकुळ म्हणाला.

"पैशाच्या बाबतीत..." ती कॅमेऱ्याआड लपली. "माणसाच्या नाही."

मग तिनं मायलेकांना फोटोसाठी उभं केलं. दोघांच्या मध्ये जागा सुटली होती.

"जवळ सरका ना."

कुणी हललं नाही. ती जागा कुणाची, हे तिला उमगलं आणि बोट बटणावरच थांबलं.

"टायमर लाव," गोकुळ म्हणाला. "आणि तू ये इथं. फोटोपुरती नाही म्हणत मी... कायमची."

"पण ही जागा..."

"आठे ये, बेटा," रंजनाबाईनं मधली जागा दाखवत हात पुढे केला.

लाल दिवा लुकलुकू लागला. भाविका धावत जाऊन दोघांच्या मध्ये शिरली. पाठीशी गार झुळूक आली... जणू कुणीतरी अलगद बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

"घेतलंत ना मला?" तिनं मान वर करून गोकुळला विचारलं.

त्या फोटोत कॅमेऱ्याकडे एकटी रंजनाबाईच पाहते आहे.